पान एक्केचाळीसची तळटीप

मॅन्युअल कोणी वाचत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी अकरा वर्षं मी तेच लिहिते आहे. नवीन वस्तू हातात आली की लोक आधी सगळी बटणं दाबतात, घोळ झाला की पुस्तक शोधतात, आणि पुस्तक सापडलं की त्यात नेमकं हवं तेच नसतं. असतं, पण मागे कुठेतरी बारीक अक्षरात. ते तिथे ढकलणारी बाई म्हणजे मी.

या जुलैत ज्या वस्तूचं मॅन्युअल माझ्या मानगुटीवर बसलं होतं तिचं नाव ‘मांडणी’. हा एक छोटासा प्रोग्रॅम. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा आणि एंटर मारायचा. आकड्यांची फाईल दिली की हा ते आकडे नीट मांडून देतो. बेरीज करतो, दशांश चिन्हानंतर किती घरं ठेवायची ते बघतो, स्वल्पविराम आपल्या लाखाच्या पद्धतीने हवा की परदेशी पद्धतीने ते विचारतो, शेवटी मिलिमीटर जोडतो. पुण्यातल्या आमच्या नऊ माणसांच्या कंपनीने तो गावोगाव पाऊस मोजणाऱ्यांसाठी केला होता. लिहिला योगेंद्रने. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि माझा साहेब. तो पुण्यात बसतो, मी लोधिवलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, सासरच्या घराच्या माडीवर.

चाचणीसाठी आमचंच गाव निवडलं गेलं, कारण आमच्या डोक्यावर वाडी आहे. टेपावरची वाडी, अठ्ठावीस घरं, मागे सरळ उभा कडा. पावसाळ्यात त्या कड्याकडे बघून कोणी मोठ्याने काही बोलत नाही. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने ठरवून टाकलं: सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा, आणि दोनशे मिलिमीटर किंवा जास्त भरला तर अख्ख्या वाडीने खाली शाळेत यायचं. दोनशेच्या आत असेल तर कोणी हलायचं नाही. आधी दोनतीनदा नुसत्या अंदाजाने लोकांना लावणी टाकून उतरवलं होतं आणि काहीच झालं नव्हतं. त्यामुळे वाडीवाले म्हणाले, आता तोंडी नको, आकडा दाखवा.

आकडा काढणारे माझे सासरे, येसाजी. मी त्यांना मामा म्हणते. मामा गावचे मापारी. म्हणजे खळ्यावर भात झोडून झालं की ज्याचं त्याचं माप करून द्यायला मामांना बोलावणं यायचं. चाळीस वर्षं पायलीने भात मोजलेला माणूस. दोन भावांत वाटणी असली तरी मामांच्या मापावर कोणी तोंड उघडलं नाही. म्हणून पर्जन्यमापकही त्यांच्याच हाती दिला. शाळेच्या आवारात तो उभा आहे. आत साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं. एक भरलेलं माप म्हणजे वीस मिलिमीटर. पाऊस मोठा असला की माप पुन्हा पुन्हा भरायचं, आणि दर मापाची वहीत एक ओळ. मग मामा त्या पानाचा फोटो काढून पंचायतीतल्या ओमकारला पाठवतात, ओमकार ते टाईप करून ‘मांडणी’ला देतो, आणि जो आकडा येतो तो फळ्यावर लागतो आणि फोनवर वाडीला जातो.

सगळं कसं छान. आणि त्या छान व्यवस्थेचं पुस्तक मी लिहीत होते.

मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो थोडा जास्तच आहे, हे राजेश, माझा नवरा, अधूनमधून सांगत असतो. तो साजगावच्या कारखान्यात पाळीवर जातो, तिथेही पुस्तिका असतात आणि त्यांच्यावर चहाचे कप ठेवतात, असंही सांगतो. मी लक्ष देत नाही. ‘आकड्यांची मांडणी’ या एका प्रकरणावर मी तीन आठवडे घालवले. अर्धा कसा लिहायचा, नुसतं टिंब-पाच की शून्य-टिंब-पाच? चौसष्ट पूर्णांक पंचेचाळीसचं एक घर ठेवलं तर चार येणार की पाच? देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एकाच फाईलमध्ये आले तर? याचं उत्तर योगेंद्र छाती फुगवून देतो, ‘मांडणी’ला दोन्ही चालतात. आणि ओळीत अंकच नसला तर?

हा शेवटचा प्रश्न मी जूनमध्येच विचारला होता. योगेंद्र म्हणाला, “शून्य धरतो.”

“सांगत नाही? काही इशारा?”

“दर वेळी ओरडायला लागला तर लोक घाबरतात. मागे कुठेतरी टाक ना ते वाक्य.”

मी ते पान एक्केचाळीसच्या तळटिपेत टाकलं. भांडले नाही. त्या दिवशी कशाची तरी घाई होती, कशाची ते आता आठवतही नाही.

त्यानंतर खरा पाऊस सुरू झाला आणि माझं चित्त कशातच लागेना. आठ दिवस पत्र्यावर एकसारखा ताशा. कपडे वाळेनात, वीज जाई, नेट जाई. त्यात मामांनी एक नवंच काढलं. सकाळचं माप घेऊन आले की पडवीत बादलीभर पाणी घेऊन बसायचे आणि तेच काचेचं माप भरून-रिकामं, भरून-रिकामं करत राहायचे. माप उजेडाकडे धरायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे, पुन्हा भरायचे. काच बादलीला लागून टण्ण वाजायची. मी वर वाक्य लिहितेय, खाली टण्ण. मी वाक्य खोडतेय, खाली टण्ण.

चौथ्या दिवशी मी जिन्यात येऊन म्हटलं, “मामा, बास की आता! मोजून झालं ना सकाळी?”

त्यांनी माप खाली ठेवलं. मग मी वर जायला वळले तेव्हा म्हणाले, “माधवी, ते मशीन कदी चुकतं का गं?”

“मशीन नाही चुकत मामा, माणूस चुकतो,” मी जिना चढताचढता म्हटलं. मागे वळूनही बघितलं नाही.

त्या दिवसापासून टण्ण बंद झालं. मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. मला खरंच बरं वाटलं.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, पुस्तक दुपारी बारापर्यंत छपाईला जायचं होतं. पुढे चाळीस गावांत तेच वाटायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी योगेंद्रचा निरोप आला की सगळी उदाहरणं बनावट वाटतात, निदान एक तरी खऱ्या नोंदीचं टाक. बनावट होतीच ती. साडेबारा, वीस, सव्वासात, असे मीच बसल्या जागी रचलेले आकडे. म्हटलं, घरात मापारी असताना उसने आकडे कशाला? शुक्रवारी सकाळी नऊला मामांनी ओमकारला पाठवलेला पानाचा फोटो मागवून उघडला. मामांचं अक्षर चौथी शिकलेल्या माणसाचं, पण ओळी आखल्यासारख्या. मी ते पान, काय टाईप करतेय याचा विचारही न करता, जसंच्या तसं टाईप केलं आणि ‘मांडणी’ला दिलं.

एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक चार मिलिमीटर. छान आकडा. उदाहरणाला शोभेल असा.

फोटोखाली काय लिहायचं याचा विचार करत होते. ‘येथे एकूण अकरा मापे घेतली आहेत.’ लिहिलं. मग सवयीने ओळी मोजल्या, कारण मी आकडा मोजल्याशिवाय लिहीत नाही. अकराच होत्या. शेवटची सात पूर्णांक चारची. म्हणजे तिच्या आधीची दहा मापं भरलेली. दहा विसा दोनशे.

दोनशे सात पूर्णांक चार.

मी पुन्हा मोजलं. बोटांवर मोजलं. मग पडद्यावर न बघता फोटोतली वही बघितली. पहिल्या ओळीत वीस नव्हतं. पहिल्या ओळीत मामांनी लिहिलं होतं, ‘लाभ’.

आमच्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. पायली काठोकाठ भरली की मापारी म्हणतो, “लाभ.” मग दोन, तीन, चार. मी या घरात लग्न करून आले त्या वर्षी मामांच्या तोंडून ते ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. अर्धवट भरलेल्या मापाला लाभ म्हणत नाहीत. भरलं तरच. म्हणून जूनमध्ये, पाऊस आठ नि बारा मिलिमीटर पडायचा तेव्हा, वहीत लाभ आलाच नाही आणि आमची चाचणी झकास पार पडली. पहिलं माप भरायला लागलं ते मोठा पाऊस आल्यावर. त्या दिवसापासून मामा पहिल्या ओळीत वीस न लिहिता लाभ लिहीत होते, ओमकार लाभ टाईप करत होता, आणि ‘मांडणी’ त्याचं शून्य करत होती. गुपचूप. तळटिपेत लिहिल्याप्रमाणे.

आठ दिवस दर दिवशी वीस मिलिमीटर कमी. त्या आठ दिवसांत त्याने काही बिघडलं नाही, कारण पाऊस शंभर-सव्वाशेच्या पुढे गेला नव्हता. आज गेला होता. आणि वाडीला सकाळी निरोप गेला होता की एकशे सत्त्याऐंशी, उतरू नका.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी खाली धावले. माझी सासू, बायजाआत्या, चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापत होती.

“आत्या, मामा कुठे आहेत?”

“कर्जतला गेलंत. डोळं दाकवायला. तुला बोललं नाय?”

“डोळे? काय झालं डोळ्यांना?”

“मला काय म्हाईत. आठ दिस झालं, धड जेवत नायत. पंचायतीच्या फळ्याकडं बगून येतात नि गप बसतात. आज माप घेतलं, वही घरात ठेवली नि तसंच टमटम पकडून गेलं.”

मला तेव्हा ते नीट कळलं नाही, किंवा कळून घ्यायला वेळ नव्हता. मामांचा फोन लागला नाही. ओमकारला लावला.

“ओमकार, आजचा आकडा चुकलाय. दोनशे सात हवाय. पहिल्या ओळीत लाभ आहे ना, तिथे वीस टाक आणि पुन्हा चालव. आणि वाडीला लगेच निरोप दे.”

तो म्हणाला, “वैनी, तसं नाय करता येणार.”

“का?”

“तुमी दिलेल्या कच्च्या पुस्तकातच हाय ना. थांबा, वाचतो.” आणि त्याने खरंच वाचलं. “‘वहीत जसे आहे तसेच टाईप करावे. स्वतःचे डोके चालवू नये. नोंदीत बदल करायचा असल्यास माप घेणाऱ्याची त्या ओळीपुढे सही घ्यावी.’”

“अरे, ते वाक्य मी लिहिलंय!”

“मंग? म्हणूनच पाळतोय ना!”

मॅन्युअल वाचणारा माणूस मला अकरा वर्षांत भेटला नव्हता. भेटला तो नेमका त्या दिवशी. आपलेच दात नि आपलेच ओठ, कोणाला बोलणार?

योगेंद्रला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. तो हुशार आहे, त्याला अर्ध्या मिनिटात कळलं, आणि कळल्यावर तो घाबरला, ते त्याच्या आवाजात ऐकू आलं.

“पण तुला खात्री काय की ते माप पूर्ण वीसच होतं?” तो म्हणाला. “त्यांनी आकडा लिहिलेलाच नाही. अठरा असेल तर? समज, एकोणीस असेल तर?”

“अठरा असलं तरी दोनशेच्या वरच जातं, योगेंद्र! आणि ते वीसच आहे. अर्धवट मापाला मापारी लाभ म्हणत नाही.”

“हे कुठे लिहिलंय का?”

“नाही. कुठेच नाही.”

“मग आपण अठ्ठावीस घरं कशाच्या जोरावर हलवायची? आधी तुझ्या सासऱ्यांना विचारून घे. तासाभराने काय मोठं…”

मी फोन ठेवला. त्याने वाक्य पुरं केलं असतं तर मी काहीतरी वाईट बोलले असते. छत्री उघडायचंही सुचलं नाही. मामांची वही देवळीतून घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पंचायतीत गेले. पोहोचेपर्यंत नखशिखांत भिजले होते. ओमकारने मला बघून खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. लाभ या शब्दापुढे वीस लिहिलं आणि त्यापुढे माझी सही केली.

“पण माप घेणारे तुमी नाय, वैनी,” तो हळूच म्हणाला.

“नाही. पण चूक करणारी मीच आहे. तुझ्यावर काही आलं तर हे पान दाखव. टाईप कर.”

त्याने केलं. काळ्या पडद्यावर दोनशे सात पूर्णांक चार उमटलं. एवढासा फरक. फळ्यावर खडूने खोडून लिहायला दोन सेकंदं लागतात. ओमकारचं तोंड मात्र उतरलं. त्याने वाडीतल्या पदूला फोन लावला. पदू म्हणजे वाडीचा कर्ताधर्ता, निरोप घेणारा तोच. फोन लागला नाही. वाडीत रेंज फक्त एका खडकावर येते, आणि पदू सकाळचा निरोप घेऊन, हलायचं नाही म्हणून निवांत होऊन, लावणीला गेला असणार.

“मी गाडीनं पायथ्यापर्यंत सोडतो,” ओमकार म्हणाला. “फुडं चालावं लागंल.”

पायथ्यापासून वाडीपर्यंत पाऊण तासाची चढण आहे. मी ती पस्तीस मिनिटांत चढले असेन. वाटेवरून तांबडं पाणी वाहत होतं आणि ते काल-परवापेक्षा जास्त तांबडं आहे की तेवढंच, हे मला ठरवता येत नव्हतं. दर वळणावर कड्याकडे बघत होते. मागून ओमकार म्हणत होता, “वैनी, दमानं.” माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हा चढ जर आत्ता सरकला तर त्या पुस्तकावर माझं नाव आहे. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटत होती, की अठ्ठावीस घरांचा विचार करताना मला माझं नाव आठवतंय.

गंमत म्हणजे, पाऊस तोवर कमी झाला होता. वर पोहोचलो तेव्हा नुसती भुरभुर होती. पदू खाचरात होता. चिखलाचे हात तसेच घेऊन बांधावर आला. त्याच्यामागे दहाबारा बाया वाकून रोपं लावत होत्या, त्यांनी माना वर केल्या.

मी धापा टाकत सांगितलं. दोनशे सात. उतरायचंय, लगेच.

पदूने आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “सकाळी एकशेसत्त्याऐंशी बोललात. आता पाऊस कमी झालाय नि आकडा वाढलाय? असा कसा वाढतो आकडा?”

बरोबर होतं त्याचं. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत हललेही नसते. माझ्याकडे खूप उत्तरं होती. सिस्टिमचा प्रॉब्लेम झाला. नोंद सुधारून आली. आमच्या धंद्यात अशी वाक्यं तयारच असतात, ज्यांत चूक होते पण कोणी करत नाही.

“आकडा वाढला नाही,” मी म्हटलं. “सकाळीही दोनशे सातच होता. येसाजीमामांनी बरोबर मोजला होता. त्यांनी पहिल्या मापाला लाभ लिहिलं आणि आमच्या मशीनने ते माप मोजलंच नाही. मशीन असं करतं हे मला जूनपासून माहीत होतं. मी ते पुस्तकात मागे लपवलं. चूक माझी आहे.”

पदूने एकच विचारलं. “म्हंजे येसाजीचं माप दोनशे सात?”

“हो.”

“मंग असं बोला ना!” तो वळला आणि खाचरातल्या बायांना हाक मारली, “चला गं, उरकतं घ्या! येसाजीचं माप हाय!”

मशीनचं नाव त्याने घेतलंसुद्धा नाही. बायांनी हातातल्या रोपांच्या मुठी तशाच चिखलात खोचल्या. तासाभरात अठ्ठावीस घरांना कड्या लागल्या. म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या, डोक्यावर तांदळाची गाठोडी, सगळी रांगेने उतरली. एका म्हातारीला, चंद्राबाईला, ओमकारने पाठंगुळी घेतली, आणि ती वाटभर त्याला सांगत होती की तू फार हलतोस. दोनच्या सुमाराला सगळे शाळेत पोहोचले. मी दारात उभी राहून माणसं मोजली. दोनदा मोजली.

त्या दिवशी दरड आली नाही. हे आत्ताच सांगते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहायला नको. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आली नाही म्हणून माझी चूक इंचभरही लहान होत नाही. पाच तास अठ्ठावीस घरं त्या कड्याखाली माझ्या तळटिपेवर विसंबून बसली होती.

फोनवर योगेंद्रचे सतरा मिस्ड कॉल होते. छपाईची वेळ टळून गेली होती. शेवटी निरोप होता, ‘अंक नसलेल्या ओळीवर मांडणी आता थांबते आणि ओळ दाखवते. आत्ताच बदललं. सॉरी.’ चांगला मुलगा आहे तो. मी उत्तर दिलं नाही.

तीनला मामा आले. टमटममधून उतरून शाळेत गर्दी बघून थेट तिकडेच. एका हाताने डोळ्यांवर सावली धरलेली. डॉक्टरने थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसत नव्हता. मी पुढे झाले.

“कोण? माधवी का?” ते म्हणाले. “येवडी मान्सं कशाला? काय झालं?”

मी त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि सांगितलं. पदूला सांगितलं तसंच, एकही शब्द न चुकवता. लाभ, शून्य, तळटीप. आठ दिवस. सांगून झालं तरी ते समोर बघत राहिले. त्यांना दिसत काहीच नसणार, सगळं धूसर असणार.

“म्हंजे फळ्यावर रोज वीस कमी यायचा, तो त्याच्यामुळं?”

“हो, मामा.”

“मला दिसत व्हतं गं,” ते म्हणाले. “रोज बगत व्हतो. माजं शंभराच्या वर जायचं, फळ्यावर शंभराच्या आत. पयल्या दिशी वाटलं, ओमकारची चूक. मंग तू बोललीस, मशीन चुकत नाय, माणूस चुकतो. म्हटलं, मंग माणूस म्हंजे मीच. एक माप मी दोनदा मोजतो का काय. डोळं गेलं असतील. त्याच्या आदी बादली घेऊन मोजून मोजून बगितलं व्हतं. तरी तेच.”

“आज डॉक्टर बोलला, बाबा, डोळं तुमचं झकास हायेत. काय नाय झालेलं. तवा मी लय घाबरलो, माधवी. डोळं बरं हायेत, तर मंग डोकं गेलं. कर्जतपासून हितवर टमटममदी मी आकडं म्हनत आलो. एक ते शंबर. परत शंबर ते एक. कुटं चुकतो का बगत. बाजूचा माणूस माज्याकडं बगत व्हता.”

मी त्यांच्या पायाशी खालीच बसले. रडले. शाळेत एवढी माणसं होती, वाडीची, गावची, पण मला आवरलं नाही. चाळीस वर्षं ज्याच्या मापावर गावाने तोंड उघडलं नाही, त्या माणसाला मी जिना चढताचढता एका वाक्यात स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यायला लावली होती. आणि मागे वळून बघितलंही नव्हतं.

त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. “ऊठ. लोक काय बोलतील? मान्सं खाली आली ना? झालं तर.”

मग थोड्या वेळाने, जरा हट्टानेच, म्हणाले, “पर त्या पुस्तकात लिव.”

“काय लिहू? लाभ म्हणजे वीस, ते लिहिणारच आहे. पहिल्या पानावर लिहिणार आहे, मोठ्या अक्षरात.”

“ते लिव. आन् हे बी लिव, का येसाजीचं माप बरोबर व्हतं.”

पुस्तक चार दिवस उशिरा छापून आलं. पहिल्या पानावर आता चौकट आहे: पहिल्या मापास लाभ म्हणण्याची पद्धत असल्यास तोंडाने जरूर म्हणावे, वहीत मात्र वीस लिहावे. पान एक्केचाळीसवर तळटीप नाही. योगेंद्रने मामांचं वाक्य मात्र काढलं. म्हणाला, मॅन्युअलमध्ये असलं बसत नाही. नियमाने बघितलं तर त्याचं बरोबर आहे, मी स्वतः असली शेकडो वाक्यं लोकांच्या मजकुरातून काढली आहेत.

म्हणून ते इथे लिहिते. दहा जुलैपासून सतरा जुलैपर्यंत आणि अठरा जुलैला सकाळी साडेआठ वाजता, येसाजींनी घेतलेलं प्रत्येक माप बरोबर होतं.